अतिनील दिव्याखाली उजळ, गॅमासमोर मुकी

माझ्या टेबलाच्या खणात एका लहान डबीत जुन्या आठ आण्यांच्या नाण्याएवढी सिरॅमिकची एक चकती आहे. प्रयोगशाळेत आम्ही तिला पेलेट म्हणत असू. ल्युटेशियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे गार्नेट (त्याच नावाच्या खनिजासारखी अणुरचना असलेला पदार्थ) आणि त्यात दर दोनशे ल्युटेशियम अणूंच्या जागांपैकी एका जागी सिरियम, एवढीच तिची घडण. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी ती बनवली. ऑक्साइडांच्या भुकट्या अगेटच्या खलात तासन्‌तास घोटल्या, साच्यात दाबल्या आणि ॲल्युमिनाच्या मुशीत ठेवून भट्टीत भाजल्या. नागपूरचा मे महिना, बाहेर 45 अंश आणि आत 1600 अंशांची भट्टी, त्यामुळे त्या दिवसांची आठवण घामाखेरीज येत नाही. चकती थंड झाल्यावर अतिनील टॉर्चखाली धरली तेव्हा ती पोपटी रंगाने अशी उजळली की शेजारच्या टेबलावरचे दोघे जण उठून पाहायला आले.

दुसऱ्या दिवशी तीच चकती टेफ्लॉनच्या पांढऱ्या टेपमध्ये गुंडाळली. नळाच्या आट्यांना लावतात तीच ही टेप. प्रकाश परत फिरवण्यात तिच्याइतके स्वस्त आणि चांगले साधन क्वचितच मिळते. मग ग्रीसचा थेंब लावून चकती फोटोमल्टिप्लायर नळीवर, म्हणजे अगदी क्षीण प्रकाशाचेही विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या नळीवर, बसवली आणि समोर सीझियम-137 चा स्रोत ठेवला. या स्रोताच्या गॅमा किरणांची ऊर्जा 662 किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि चांगल्या सिंटिलेटरच्या, म्हणजे गॅमा किरणांनी चमकणाऱ्या पदार्थाच्या, वर्णपटात (कोणत्या ऊर्जेच्या किती चमका मोजल्या याच्या आलेखात) त्या जागी एक ठसठशीत शिखर दिसते. माझ्या वर्णपटात मात्र डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या एका रेषेखेरीज काहीही नव्हते. अतिनील दिव्याखाली इतकी बोलकी असलेली वस्तू गॅमासमोर मुकी का व्हावी, हा प्रश्न मला पुढची दोन वर्षे पुरला.

सिंटिलेटर म्हणजे गॅमा किंवा क्ष-किरण अंगावर घेऊन त्यांच्या बदल्यात दृश्य प्रकाशाची क्षणिक चमक देणारा पदार्थ. ही व्याख्या बरोबर असली तरी तिच्यातून एक गैरसमज सहज होतो, तो असा की गॅमा किरण थेट सिरियमच्या अणूवर आदळतो आणि तो अणू चमकतो. सिरियम इतके थोडे असते की असा थेट नेम लागण्याची शक्यता जवळजवळ शून्य. गॅमा किरण आपली ऊर्जा देतो ती यजमान स्फटिकाला. त्यातून सुटलेला एक वेगवान इलेक्ट्रॉन वाटेतल्या हजारो इलेक्ट्रॉनांना त्यांच्या जागेवरून हुसकावतो, आणि क्षणार्धात स्फटिकाच्या वहन पट्ट्यात, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळे फिरू शकतात त्या ऊर्जापातळ्यांत, इलेक्ट्रॉनांची व खालच्या संयुजा पट्ट्यात होलांची, म्हणजे इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागांची, गर्दी होते. या सैरावैरा इलेक्ट्रॉन-होलांनी स्फटिकातून प्रवास करून सिरियमपर्यंत पोहोचायचे असते आणि दोघे तिथे भेटले की मग सिरियम प्रकाश देतो. अतिनील टॉर्च या तीन टप्प्यांपैकी फक्त शेवटचा तपासते. तिचा फोटॉन सरळ सिरियमच्याच इलेक्ट्रॉनाला वर उचलतो. मधला प्रवास होतच नाही. माझी चकती शेवटच्या टप्प्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होती आणि मधल्या टप्प्यात नापास. हे एक वाक्य समजायला मला तीन महिने लागले, कारण डोळ्यांना दिसलेल्या उजेडावर विश्वास बसलेला असतो.

या हिशेबाचे आकडे सोडियम आयोडाइडवर नीट दिसतात. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी 1948 मध्ये सोडियम आयोडाइडमध्ये थॅलियमचा अंश मिसळून आजही वापरात असलेला हा सिंटिलेटर जगासमोर आणला. (1961 चे नोबेल त्यांना मिळाले ते इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनातून अणुकेंद्राचा आणि प्रोटॉनचा अंतर्भाग उलगडल्याबद्दल, थॅलियमच्या चिमटीचे ऋण मात्र जगभरातल्या प्रयोगशाळा रोज वाहतात.) सोडियम आयोडाइडच्या दोन पट्ट्यांमधली ऊर्जा-दरी सुमारे 5.9 इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे, आणि एक इलेक्ट्रॉन-होल जोडी निर्माण व्हायला या दरीच्या साधारण अडीच पट ऊर्जा खर्ची पडते, कारण बरीचशी ऊर्जा जाळीच्या कंपनांत, म्हणजे उष्णतेत, विरते. म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टांमागे अदमासे 65 ते 70 हजार जोड्या. प्रत्यक्षात बाहेर पडतात ते सुमारे 38 हजार फोटॉन. त्यांची तरंगलांबी 415 नॅनोमीटर, म्हणजे प्रत्येकाची ऊर्जा जवळपास 3 इलेक्ट्रॉन व्होल्ट. गुणाकार केला तर गॅमा किरणाच्या मूळ ऊर्जेपैकी जेमतेम 11-12 टक्के ऊर्जा प्रकाश होऊन हाती येते. आणि हा उत्तम म्हणून नावाजलेला पदार्थ आहे.

सोडियम आयोडाइडचा स्वभाव मला एम.एस्सी.पासून ठाऊक होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या शोधकाच्या ॲल्युमिनियमच्या डबीची सील कधीतरी ढिली झाली होती, आणि एका पावसाळ्यानंतर त्याचा 662 वरचा कडा इतका पसरला की ते शिखर नसून टेकडी आहे असे आम्ही म्हणू लागलो. हा स्फटिक हवेतला ओलावा मिठापेक्षाही अधाशीपणे शोषतो आणि पृष्ठभाग पिवळसर पडू लागला की प्रकाश आतच अडकतो. ऑक्साइडांकडे, त्यातही गार्नेटांकडे, वळण्याचे एक कारण अगदी हेच आहे: गार्नेट पाण्यात बुडवून ठेवले तरी त्याला काही होत नाही. दुसरे कारण घनतेचे. सोडियम आयोडाइडची घनता घन सेंटीमीटरला 3.67 ग्रॅम, तर ल्युटेशियमच्या गार्नेटची 6.7 च्या आसपास. गॅमा किरण थांबवायचे तर जड अणू हवेत.

मग सिरियमच का? सिरियमच्या त्रिसंयुजी (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) आयनाच्या 4एफ कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो वरच्या 5डी कक्षेत जातो आणि तिथून खाली येताना प्रकाश देतो. क्वांटम नियमांच्या दृष्टीने हे संक्रमण अनुमत आहे, म्हणून ते काही दशक नॅनोसेकंदांत उरकते. युरोपियमच्या त्रिसंयुजी आयनाचा लाल प्रकाश 4एफच्या 4एफमध्ये होणाऱ्या संक्रमणाचा. तो निषिद्ध असल्यामुळे रेंगाळतो, मिलिसेकंदांपर्यंत. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याला ते चालत होते, पण सेकंदाला लाखो गॅमा किरण एकेक करून मोजायचे असतील तर मिलिसेकंद म्हणजे युग आहे. आणखी एक गोष्ट: 5डी कक्षा अणूच्या बाहेरच्या अंगाला असते, म्हणून आजूबाजूचे ऑक्सिजन कसे उभे आहेत त्यावर तिची ऊर्जा ठरते. एकच सिरियम ल्युटेशियम सिलिकेटमध्ये निळा दिसतो, ल्युटेशियम-ॲल्युमिनियम गार्नेटमध्ये हिरवा आणि यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटमध्ये पिवळा. घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यात निळ्या चिपवर जो पिवळा लेप असतो, तो बहुधा याच यिट्रियम गार्नेटच्या कुळातला.

आता मधला टप्पा, जिथे माझी चकती अडली. स्फटिकाची जाळी आदर्श असती तर इलेक्ट्रॉन निर्वेध पोहोचला असता, पण वाटेत खड्डे असतात. ज्या जागी ऑक्सिजन असायला हवा ती रिकामी असते, एका धातूच्या जागी दुसरा जाऊन बसलेला असतो. इलेक्ट्रॉन अशा खड्ड्यात पडतो आणि खोलीच्या तपमानाची उष्णता त्याला पुन्हा वर ढकलीपर्यंत तिथेच राहतो. उथळ खड्डा असेल तर मायक्रोसेकंद, खोल असेल तर मिनिटे, तास, महिने. तो उशिरा बाहेर पडून सिरियमपाशी गेला तर प्रकाश मिळतोच, पण उपयोगाचा नसतो; उपकरणाने त्या चमकेचे खाते आधीच बंद केलेले असते. ल्युटेशियमच्या गार्नेटात यासाठी कुप्रसिद्ध असलेला दोष म्हणजे अँटिसाइट: ॲल्युमिनियमच्या जागेवर चुकून बसलेला ल्युटेशियम. ग्रंथालयात बसून मी त्याविषयी इतके वाचले की माझ्या चकतीचा गुन्हेगार तोच, हे मी मनाशी ठरवूनही टाकले आणि तसा अहवाल माझ्या मार्गदर्शक सरांना लिहून दिला.

सरांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘तू ही चकती वितळवली होतीस का?’’

प्रश्न वर्मावर होता. अँटिसाइट दोष मुबलक तयार होतात ते 2000 अंशांच्या आसपास वितळलेल्या रसातून स्फटिक ओढला जातो तेव्हा. एवढ्या तपमानाला अणूंची बेशिस्त वाढलेली असते आणि स्फटिक थंड होताना ती जागच्या जागी गोठते. सिरॅमिक वितळत नाही. भुकटीचे कण वितळणबिंदूच्या बऱ्याच खाली एकमेकांना चिकटून वाढतात, त्यामुळे त्यात हा दोष फारच कमी असतो. माझ्या चकतीत खड्डे होते, पण ते कणांच्या सीमांवर होते. शिवाय तिच्यात न मिटलेली सूक्ष्म छिद्रे होती, ज्यांच्यावर आदळून जन्मलेला प्रकाशही आतल्या आत फिरून मावळत होता. स्फटिकाविषयीच्या शोधनिबंधातले निदान मी सिरॅमिकला जसेच्या तसे चिकटवले होते.

स्फटिकातल्या त्या अँटिसाइटवर जो उपाय निघाला, तो या क्षेत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. दोष काढून टाकणे कठीण, म्हणून संशोधकांनी दोष तसेच ठेवले आणि जमीन खाली आणली. ॲल्युमिनियमच्या काही जागी गॅलियम घातले की वहन पट्ट्याचा तळ खाली सरकतो, आणि त्याच्या किंचित खाली असलेले उथळ खड्डे त्या पट्ट्यातच बुडून जातात. तळ्याची पातळी वाढल्यावर काठावरची डबकी वेगळी उरत नाहीत, तसेच. फक्त इथे दिशा उलटी, पाणी वरून खाली आलेले. मात्र ही युक्ती हात राखून करावी लागते. सिरियमची 5डी पातळीही त्या पट्ट्याच्या खालीच असते. गॅलियम वाढवत नेले तर पट्ट्याचा तळ तिच्यापर्यंत येऊन ठेपतो आणि सिरियमने उचललेला इलेक्ट्रॉन प्रकाश देण्याऐवजी पट्ट्यात निसटून जातो. ॲल्युमिनियम पूर्ण काढून नुसते गॅडोलिनियम-गॅलियम गार्नेट घेतले तर त्यात सिरियम खोलीच्या तपमानाला चमकतच नाही. त्याच वेळी ल्युटेशियमच्या जागी गॅडोलिनियम आणले की सिरियमची 5डी पातळी खाली उतरते आणि पट्ट्यापासूनचे तिचे अंतर पुन्हा सुरक्षित होते. 2011 च्या सुमारास जपानच्या तोहोकु विद्यापीठातल्या आणि प्रागच्या संशोधकांनी हा तोल साधला. त्यातून आलेले गॅडोलिनियम-ॲल्युमिनियम-गॅलियम गार्नेट दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टांना 46 हजार आणि काही नमुन्यांत त्याहूनही अधिक फोटॉन देते, चमकेचा मुख्य भाग साधारण 90 नॅनोसेकंदांत संपतो, आणि ल्युटेशियम नसल्यामुळे स्वतःचा किरणोत्सारही नाही. माझ्या चकतीची हीदेखील एक खोड होती: नैसर्गिक ल्युटेशियममध्ये 2.6 टक्के ल्युटेशियम-176 असते, त्यामुळे स्रोत कपाटात ठेवला तरी गणकाचे टिकटिकणे थांबत नसे.

हे गार्नेट मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही वाढवले गेले आहे. त्यासाठी वापरली जाणारी झोक्राल्स्की पद्धत ऐकायला सोपी: मुशीतल्या रसाला बीज-स्फटिकाचे टोक टेकवायचे आणि ते फिरवत फिरवत तासाला एखाद-दोन मिलिमीटर वेगाने वर ओढायचे. गार्नेटचा रस 1850 अंशांच्या आसपास, म्हणून मूस इरिडियमची लागते, आणि इरिडियम किमतीत दागिन्यांच्या दुकानात शोभेल असा धातू आहे. खरी पंचाईत गॅलियमची. रसातून गॅलियम ऑक्साइडची वाफ उडत राहते. ती रोखायची तर भोवती थोडा ऑक्सिजन हवा, आणि ऑक्सिजन दिला तर इरिडियमची मूस झिजते. एकाला वाचवले तर दुसरा जातो, म्हणून वायूंचे प्रमाण राखण्यातच निम्मे कौशल्य खर्च होते. त्यात भर म्हणजे सिरियमला घट्ट होणाऱ्या स्फटिकापेक्षा रसात राहणे अधिक मानवते. त्यामुळे स्फटिकाच्या वरच्या टोकाला सिरियम कमी आणि शेपटाकडे जास्त, आणि एकाच कांडातून कापलेल्या दोन वड्या सारखा प्रकाश देत नाहीत.

सिरॅमिकवाल्यांचा दावा इथे उभा राहतो. मूस इरिडियमची नको, तपमान कमी, सिरियम भुकटीत जसा मिसळला तसा सर्वत्र सारखा, आणि हव्या त्या आकाराची वडी. अट एकच, पदार्थाची जाळी घनीय, म्हणजे तिन्ही दिशांना सारखी, असावी. गार्नेट घनीय आहे, त्यामुळे प्रकाश कोणत्याही दिशेने गेला तरी त्याला अपवर्तनांक एकच भेटतो. छिद्रे पूर्ण मिटवली तर लाखो कणांची वडी काचेसारखी पारदर्शक होते. सीटी स्कॅनच्या यंत्रांत वापरले जाणारे गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइड हे सिरॅमिक षट्कोनी जाळीचे आहे, म्हणून ते कितीही निगुतीने केले तरी दुधी काचेसारखेच राहते आणि त्याचे थर एक-दोन मिलिमीटरच ठेवावे लागतात. तरीही सीटीत ते टिकून आहे, कारण तिथे एकेक फोटॉन मोजायचा नसतो, एकत्रित प्रवाह मोजायचा असतो. 3 मायक्रोसेकंदांची चमक चालते. चालत नाही ती मागे रेंगाळणारी दीप्ती, कारण यंत्राची कडी सेकंदाच्या अंशात रुग्णाभोवती फिरते आणि मागच्या कोनाचा उजेड पुढच्या कोनात मिसळला तर चित्रावर सावल्या येतात. पेट स्कॅनची गरज वेगळी. तिथे 511 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात आणि कोणता आधी पोहोचला यावरून त्यांचा उगम शोधला जातो; एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे 15 सेंटीमीटरची चूक. म्हणून तिथे ल्युटेशियम सिलिकेटचा 40 नॅनोसेकंदांचा वेगवान स्फटिक, आणि ल्युटेशियमचा स्वतःचा किरणोत्सार नाइलाजाने सोसायचा.

इथे एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. ज्या खड्ड्यांना मी इतकी दूषणे दिली, तेच खड्डे भारतात एका सरकारी कामाला जुंपलेले आहेत. क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञांच्या छातीवर एक टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले प्रारण नोंदवणारा बिल्ला, असतो. त्यात डिस्प्रोसियम घातलेले कॅल्शियम सल्फेट टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या तीन चकत्यांच्या रूपात असते आणि ही पद्धत भाभा अणुसंशोधन केंद्राने 1970 च्या दशकात उभी केली. तिथे इलेक्ट्रॉनांनी खोल खड्ड्यात पडून तीन महिने तिथेच राहावे अशीच अपेक्षा असते. मग चकती तापवली की ते बाहेर पडतात आणि मिळालेल्या प्रकाशावरून त्या माणसाने किती प्रारण सोसले ते कळते. सीटीच्या खोलीत यंत्रातला पदार्थ आणि तंत्रज्ञाच्या खिशाजवळचा पदार्थ यांची नोकरी अशी नेमकी उलट आहे.

याच पद्धतीने मी माझ्या चकतीचे खड्डे मोजले. तिला द्रव नायट्रोजनने थंड केले, प्रारण दिले आणि हळूहळू तापवत गेले. आलेखात जे उंचवटे उमटले त्यांतला सर्वांत मोठा खोलीच्या तपमानाच्या थोडा वर होता. म्हणजे रोजच्या तपमानाला इलेक्ट्रॉनांना बराच काळ धरून ठेवणारा. तिथून पुढची वाट मला शांघाय आणि प्रागच्या गटांच्या कामात सापडली: किंचित मॅग्नेशियम. मॅग्नेशियम द्विसंयुजी असल्यामुळे त्याची विद्युतभाराची तूट भरून काढायला काही सिरियम चतुःसंयुजी होतात. पाठ्यपुस्तकाप्रमाणे चतुःसंयुजी सिरियमला 4एफमध्ये इलेक्ट्रॉनच नाही, म्हणजे तो दीप्तीच्या दृष्टीने वाया गेलेला. मीही तसेच शिकले होते. पण त्रिसंयुजी सिरियमला आधी होल मिळावे लागते आणि मग इलेक्ट्रॉन. चतुःसंयुजी सिरियम इलेक्ट्रॉनाला पहिल्या क्षणीच पकडतो, खड्ड्यांशी बरोबरीने शर्यत लावून. पकडताच तो उत्तेजित त्रिसंयुजी होतो, प्रकाश देतो, आणि नंतर होल घेऊन पुन्हा पुढच्या फेरीला तयार.

नवी चकती मी मॅग्नेशियम घालून, निर्वातात भाजून आणि नंतर हवेत पुन्हा तापवून केली. ती काचेसारखी झाली नाही. वर्तमानपत्रावर ठेवली तर मोठी अक्षरे कशीबशी वाचता येत. पण सीझियमसमोर ठेवल्यावर त्या उतरत्या रेषेच्या उजव्या अंगाला एक खांदा आला, आणि रात्रभर मोजणी चालू ठेवल्यावर सकाळी तो खांदा शिखर म्हणण्याइतका वेगळा झालेला होता. रुंद, बसके, कोणत्याही शोधनिबंधात मिरवण्यासारखे नव्हे, पण 662 वर.

त्या नव्या चकतीचा अर्धा तुकडा त्याच डबीत आहे. आता मी शिकवते, आणि दरवर्षी नव्या मुलांना दोन्ही तुकडे अंधारात अतिनील टॉर्चखाली दाखवून विचारते की यांतला सिंटिलेटर कोणता. मॅग्नेशियमच्या चकतीत त्रिसंयुजी सिरियम कमी असल्यामुळे ती टॉर्चखाली थोडी मंदच दिसते. मुले एकमताने जुनीकडे बोट दाखवतात.